मोहटोलीची भरलेली विहीर

बुधवार, दिनांक ११ फेब्रुवारी १९८१. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. मोहटोली गावची सार्वजनिक विहीर : व्यास अडीच मीटर, पाण्याची खोली नव्वद सेंटीमीटर, विहिरीवर बाया शून्य.

शेवटच्या आकड्यापाशी माझी पेन्सिल थांबली. खेड्यातल्या विहिरीवर त्या वेळी उभे राहायला जागा नसते. इथे कठडा कोरडा होता, रहाटाला दोर नव्हता आणि खाली मात्र दोन हात पाणी चकाकत होते.

मी त्या वेळी पाणीपुरवठा उपविभागात कनिष्ठ अभियंता होतो. पवनीहून अकरा किलोमीटर सायकल मारून मी मोहटोलीला आलो होतो, त्याला कारण एक अर्ज. केंद्र सरकारने त्या सुमारास देशभरातल्या ‘समस्याग्रस्त’ गावांना प्यायचे पाणी द्यायचे ठरवले होते. व्याख्या स्पष्ट होती : ज्या गावाला एक पूर्णांक सहा दशांश किलोमीटरच्या आत खात्रीचे पाणी नाही, ते गाव समस्याग्रस्त. अशा गावात दर अडीचशे माणसांमागे एक हातपंप बसणार होता. आमच्या भागाची यादी २८ फेब्रुवारीला बंद होणार होती आणि तिच्यात मोहटोलीचे नाव नव्हते. अर्जावर मोहटोलीच्या एकतीस बायांच्या सह्या आणि अंगठे होते. मजकूर एका ओळीचा होता : ‘गावात पाणी नाही, साहेबांनी येऊन पाहावे.’

मी येऊन पाहिले, तर पाणी होते.

अडचण आणखी एक होती. मोहटोलीची जुनी नोंद १९७२ सालची होती : ‘सार्वजनिक विहीर, पाणी पुरेसे.’ खाली सही माझी होती. तंत्रनिकेतनातून बाहेर पडून मला तेव्हा चार वर्षे झाली होती. मी विहिरीत टेप सोडला होता, खोली वाचली होती आणि ती लिहिली होती.

“या साहेब, चहा घ्या जी,” मागून आवाज आला. गावचे सरपंच कृष्णराव स्वतः पितळी गडव्यात पाणी आणि कपबशी घेऊन आले होते. “पाहून घेतली ना इहीर? पाणी हाये न?”

“आहे,” मी म्हणालो. “मग बायांनी अर्ज का केला?”

“बायांचं काय जी. त्याईले घराच्या चुलीपाशी पाणी पाहिजे. आपल्या मायबहिनींनं कधी तक्रार केली का?” ते हसले, पण माझ्याकडे पाहून नाही.

मी चहा घेतला आणि कठड्यावर बसून राहिलो. कृष्णरावांनी दोनदा सुचवले की माझे काम झाले असेल. मी म्हणालो, अजून नाही. नऊ वाजून दहा मिनिटांनी पुन्हा टेप सोडला. पाणी सत्तर सेंटीमीटर. बारा वाजून दहा मिनिटांनी बावन्न. या सहा तासांत त्या विहिरीतून कोणी एक गुंडही, इकडे घागरीला गुंड म्हणतात, भरला नव्हता.

मधल्या वेळेत मी आणखी काही पाहिले होते. सात वाजून चाळीस मिनिटांनी आटलेल्या तलावाच्या पाळीवरून बायांची रांग आली. प्रत्येकीच्या डोक्यावर दोन-दोन गुंड होते. भरलेल्या विहिरीजवळून त्या भरलेले गुंड घेऊन गेल्या. तिच्याकडे कोणी मान वळवून पाहिलेही नाही. सर्वांत पुढे पंचेचाळिशीची, उंच, हडकुळ्या बांध्याची बाई होती. तिने माझ्याकडे पाहिले, कृष्णरावांकडे पाहिले आणि मोठ्याने म्हणाली, “आज इहिरीले पाहुणे आले वाटते.”

मागच्या बाया हसल्या. कृष्णरावांनी बाजूला उभ्या बैलगाडीकडे तोंड फिरवले. गाडीच्या चाकांपासून विहिरीपर्यंतची माती ओली होती.

मी वहीत गुणाकार केला. अडीच मीटर व्यास, नव्वद सेंटीमीटर खोली : चार हजार चारशे लिटर. दोनशे लिटरचा ड्रम धरला तर बावीस.

“कृष्णरावजी,” मी दुपारी त्यांना विचारले, “पहाटे बावीस ड्रम ओतले ना?”

त्यांनी गाडीकडे पाहिले. मग म्हणाले, “सव्वीस. चार तं ओतता ओतताच जिरले.”

त्यांनी जे सांगितले ते त्यांच्याच क्रमाने लिहितो. त्या गावाला कोणी मुलगी देत नसे. मुलीकडचे घर पाहायला यायचे, विहिरीत डोकावायचे आणि गाडी जुंपायचे. म्हणून गावाने एक रीत पाडली होती : पाहुणे येणार असले की आदल्या रात्रीपासून गाड्यांनी लांबून पाणी आणून विहीर भरायची. ज्याच्या घरचे पाहुणे, त्याच्याकडे गाडीवाल्यांना जेवण. बाहेरच्या माणसासमोर ‘आमच्याकडे पाणी नाही’ हे वाक्य कोणी उच्चारायचे नाही. सरकारी साहेब हाही बाहेरचाच माणूस. १९७२ साली मी येणार असल्याचे पत्र मिळाले तेव्हा त्यांनी चांगली मनापासून विहीर भरली होती.

“तुमी खुश होऊन गेले होते जी,” कृष्णराव म्हणाले.

माझे माप बरोबर होते. निष्कर्ष चुकला होता, आणि त्यापायी हे गाव नऊ वर्षे यादीबाहेर राहिले होते.

“मग आता पंचनाम्यावर सही करा,” मी म्हणालो. “विहीर कोरडी आहे एवढेच लिहितो. सरपंचाच्या सहीशिवाय नाव यादीत जात नाही.”

“अन् तो कागद तालुक्यात फिरन. सेवकराम माझा लहान भाऊ, बावन्न वर्साचा झाला, एकटा हाये, पाण्यापायी. आखीन किती पोरं एकटी ठेवू? सही नाही करत मी.”

तेवढ्यात ती उंच बाई आली. तिचे नाव मंदाबाई. अर्ज तिनेच लिहिला होता. गावातल्या सुना वडीलधाऱ्या माणसाला मामाजी म्हणतात, तशी ती कृष्णरावांना म्हणाली, “मामाजी, सही नंतर करजा. आधी साहेबाले अंतर तं मोजू द्या.”

कोतवाल जनगणनेच्या कामाला लावलेला होता. मोजणीच्या साखळीचे दुसरे टोक धरायला माणूस नव्हते. मंदाबाईने पदर खोचला आणि कडी हातात घेतली. सोबत तिची शेजारीण ललिताबाई रिकामा गुंड घेऊन निघाली.

“तो कशाला?” मी विचारले.

“रिकाम्या हातानं हा रस्ता मी कधी चालली नाही जी,” ललिताबाई म्हणाली. “पाय वळखणार नाहीत.”

गावाच्या शेवटच्या घरापासून तलावाच्या पाळीवरून, धानाच्या शेतांच्या धुऱ्यांवरून, म्हणजे बांधांवरून, एका व्यापाऱ्याच्या मळ्यातल्या विहिरीपर्यंत आम्ही साखळी टाकत गेलो. तीस मीटरची साखळी एकाहत्तर वेळा पडली. दोन हजार एकशे तीस मीटर. धुऱ्यावर साखळी वाकडी गेली की मंदाबाई ती स्वतःहून उचलून पुन्हा टाकायची. मला सांगावे लागले नाही.

“सरकारनं मैलभराचाच नेम काहून धरला जी?” परतताना तिने विचारले. “मैलभर चालणं काय बाईले लागत नाही?”

“पूर्वी तेही कोणी मोजत नव्हते,” मी म्हणालो.

“पूर्वी आमी अर्जही करत नव्हतो,” ती म्हणाली.

उपअभियंता साहेबांनी प्रत्यक्ष पाहणीसाठी गुरुवार, २६ फेब्रुवारी ही तारीख दिली. यादी शनिवारी बंद होणार असल्याने दुसरी तारीख नव्हती. मी ते कळवायला मोहटोलीला गेलो तेव्हा मंदाबाईने हातातले सूप खाली ठेवले.

त्याच गुरुवारी तिच्या घरी पाहुणे येणार होते. थोरला मुलगा टेकचंद चोवीस वर्षांचा होता. नदीपलीकडच्या एका गावाहून मुलीकडचे घर पाहायला येणार होते. मुलगी, चंद्रकांता, दहावी पास. मोहटोलीत दहावी पास सून अजून आलेली नव्हती. तारीख ठरून महिना झाला होता आणि आलेल्या निरोपाला मागे फिरवले की सोयरीक मोडली असेच त्या भागात समजतात.

विहीर भरली तर उपअभियंता साहेबांना पाणी दिसणार. न भरली तर पाहुण्यांना बूड दिसणार.

“टेकचंदच्या बापाले विचारलं,” मंदाबाई म्हणाली. “ते म्हणाले, तू म्हणशील तसं. पंचवीस वर्सं झाली, हेच म्हणून राहिले.”

“मग तुम्ही काय म्हणता?”

तिने सूप उचलले. दोन वेळा पाखडले. “या तुमी गुरुवारी,” ती म्हणाली.

मी गुरुवारी आठ वाजता पोचलो. चौकात दोन बैलगाड्या उभ्या होत्या, प्रत्येकीवर चार भरलेले ड्रम. कृष्णराव पुढे होते. पहिल्या गाडीचे बैल सेवकरामने धरले होते. विहिरीच्या कठड्यावर, पूर्ण वर्तुळ भरून, बाया बसल्या होत्या. प्रत्येकीने आपला गुंड मांडीशेजारी पालथा ठेवला होता.

“मंदा, बाजूले हो,” कृष्णराव सांगत होते. “तुझ्याच पोराचं काम करून राहिलो मी. तुझ्याकडून जेवणही नाही मागितलं.”

“ठाऊक हाये मामाजी. पाणी घरोघर वाटा, पुण्य लागन. इहिरीत नाही पडणार.”

“पाहुणे डोकावतील.”

“डोकावू द्या. बूड दिसन, एक फुटकी बालटी दिसन, अन् ललिताबाईची मागच्या साली पडलेली चप्पल दिसन.”

“सापडली का?” ललिताबाई वळून खाली पाहू लागली. बाया हसल्या.

कृष्णराव हसले नाहीत. “टेकचंद तिशीचा झाला, घोडनवरा झाला, तेव्हा हसजा. मी हसत नाही. माझा भाऊ एकटा बसला हाये.”

मंदाबाईचा चेहरा त्या वाक्याने उतरलेला मी पाहिला. तिचा हात गुंडाकडे गेला. ती उठते की काय असे मला वाटले. उठली असती, तर मी तिला दोष दिला नसता.

बोलला तो सेवकराम. बैलाच्या कासऱ्याशी चाळा करत, खाली मान घालून.

“दादा, माझ्या येळेस तं इहीर भरली होती.”

“भरली होती न?” तो पुन्हा म्हणाला. “काठोकाठ. पाहुणे खुश झाले. लगन झालं. तिनं तेरा दिवस पाणी आणलं. चौदाव्या दिवशी माहेरी गेली, ते गेलीच. मले म्हणाली, तुमी मले फसवलं. मी काय बोलणार होतो?” त्याने बैल सोडले. “पाण्यापायी नाही गेली ते. इहीर भरली म्हणून गेली.”

एवढे बोलून त्याने पहिला ड्रम गाडीवरून उतरवला आणि जवळच्या घराच्या रांजणाकडे गडगडत नेला. कृष्णराव त्याच्याकडे पाहत राहिले. मग स्वतः दुसऱ्या ड्रमला हात लावला. तो ड्रमही विहिरीकडे वळला नाही.

पाहुणे आणि उपअभियंता साहेबांची जीप जवळजवळ एकाच वेळी आली, अकराच्या सुमारास. मुलीचे वडील गोमाजी, त्यांचे एक नातेवाईक आणि मुलीची आत्या गिरजाबाई. साठीच्या बाई, कपाळावर ठसठशीत गोंदण. गोमाजी घराकडे वळत होते. गिरजाबाई थेट विहिरीवर आल्या. बायांनी जागा करून दिली. त्यांनी कठड्यावर हात टेकून खाली पाहिले.

“पाणी?”

“नाही,” मंदाबाई म्हणाली. तिचा आवाज स्थिर होता, हात मात्र पदरात होते. “जानेवारीपासून नाही राहत. दोन हजार एकशे तीस मीटर चालतो आमी, दोन खेपा रोजच्या. या साहेबानं मोजलं, मी साखळी धरली. तुमच्या पोरीले खोटं नाही सांगत.”

गिरजाबाईंनी पुन्हा एकदा विहिरीत पाहिले, मग बाजूच्या रिकाम्या ड्रमांकडे.

“किती टाकता तुमी? पाहुणे आले म्हणजे?”

मंदाबाईने कृष्णरावांकडे पाहिले. कृष्णरावांनीच उत्तर दिले. “सव्वीस.”

“आमी चौदात भागवतो,” गिरजाबाई म्हणाल्या. “आमची इहीर अरुंद हाये.”

आधी ललिताबाई हसली. मग सगळा कठडा हसू लागला. गोमाजी “अवो आक्का!” असे काहीसे पुटपुटले. उपअभियंता साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी मला बाजूला बोलावले आणि हळू विचारले, “यांचे गाव आपल्या यादीत आहे का?”

“नाही साहेब. ‘पाणी पुरेसे.’”

“सही कोणाची?”

“माझी.”

गिरजाबाईंचे बोलणे संपले नव्हते. “आमची चंद्रकांता म्हणते, आत्या, पोरगा काळा चालन, डोक्यावर गुंड नाही चालणार. दहावी शिकली, तिचं बी बरोबर हाये. म्या साऱ्या जल्मात हे म्हणायची हिंमत नाही केली.” त्या मंदाबाईकडे वळल्या. “तुमी खरं बोलल्या. आमी थांबू. पंप लागला की अक्षता. नाही लागला तं राम राम.” आणि उपअभियंता साहेबांना म्हणाल्या, “साहेब, आता तुमच्या हाती लेकीचं लगन हाये बरं.”

कृष्णरावांनी पंचनाम्यावर सही केली. साहेबांनी जुन्या जनगणनेचा आकडा काढला : लोकसंख्या चारशे अडतीस. म्हणजे हातपंप एक.

“एक?” मंदाबाई म्हणाली. “टोलीच्या दोन टोकांले एक? सकाळी झोंबाझोंबी लागन.”

“बाई, गाव यादीत नव्हते तेव्हा पंप शून्य होता,” साहेब म्हणाले. “आज एक म्हटले तर दोन मागता. उद्या नळ मागाल.”

“मागूच जी. चारशे अडतीस दहा वर्सांआधी होते. त्यातलीच पोरं आता बाप झाले. मास्तर दारोदार माणसं मोजून राहिले, त्याईले विचारा.”

नव्या जनगणनेचे आकडे छापून यायला अवकाश होता. परंतु घरवार मोजणी करून ग्रामसेवकाच्या सहीने जोडता येते, असे परिपत्रकाच्या चौथ्या कलमात होते. मी ते साहेबांना दाखवले. दुपारी मी, ग्रामसेवक आणि मंदाबाई घरोघर फिरलो. एकोणऐंशी घरे. सेवकरामच्या घरी एक माणूस. शेवटच्या घरी पाळण्यात नऊ दिवसांची मुलगी होती, तिलाही मोजले. बेरीज पाचशे तीन. ती मी तीनदा केली. पंचनामा आणि मोजणी शुक्रवारी संध्याकाळी कार्यालयात पोचली.

माझ्या १९७२ च्या नोंदीखाली मी लाल शाईने ‘नोंद चुकीची’ असे लिहून तारीख घातली. मग मला आदेश मिळाला, की ‘पाणी पुरेसे’ असा शेरा असलेली माझ्या हद्दीतली चव्वेचाळीस गावे पुन्हा तपासावीत, आणि पुरवणी यादी पाठवावी. या वेळी मी कोणत्याही गावाला येण्याचे पत्र पाठवले नाही आणि प्रत्येक विहिरीत तीन-तीन तासांच्या अंतराने दोनदा टेप सोडला. अकरा गावांच्या विहिरी आधीच्या नोंदीच्या वेळी भरलेल्या नव्हत्या, भरवलेल्या होत्या. गिरजाबाईंचे गाव त्यांत होते.

काम सरळ झाले नाही. बोअरचे यंत्र जानेवारी १९८२ मध्ये आले. मोहटोलीतला पहिला बोअर साठ मीटरवर कोरडा गेला. यंत्रवाले पुढच्या गावाला निघाले. मंदाबाईने त्यांना दोन दिवस आपल्या घरी जेवू घातले आणि पश्चिमेकडची जागा दाखवली, जिथे उन्हाळ्यातही हराळी हिरवी राहत असे. शेहेचाळीस मीटरवर पाणी लागले. दुसऱ्या टोकाला एक्कावन्नवर. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही पंप सुरू झाले. मे महिन्यात टेकचंदचे लग्न झाले. मला पत्रिका आली होती, पण त्या दिवशी मी गिरजाबाईंच्या गावी बोअरवर होतो.

शुक्रवार, ११ फेब्रुवारी १९८३ रोजी मी वार्षिक तपासणीसाठी मोहटोलीला गेलो. पश्चिमेकडच्या पंपावर एक तरुण बाई दांडा मारत होती आणि मंदाबाई गुंड धरून उभी होती, मागे बायांची रांग.

“सूनबाई माझी,” ती म्हणाली. “साहेब, दांड्यानं खांदा दुखते जी. नळाचा काही नेम निघाला का?”

“अजून नाही.”

“मंग कागद आणा, अर्ज लिहून ठेवतो. आता चंद्रकांता लिहीन. तिचं अक्षर माझ्यापेक्षा सुबक हाये.”

मी घड्याळ पाहून नोंद केली. सहा वाजून दहा मिनिटे. हातपंप दोन, दोन्ही चालू. पंपांवर बाया एकतीस.